गोळीला नियम आहेत, लाइफ कोचला नाहीत

महोदय,

वयाच्या ४१ व्या वर्षी मला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आणि उतावळेपणाचा विकार, असल्याचे निदान झाले. तोपर्यंत घरात धांदरट आणि कचेरीत आरंभशूर अशीच माझी ख्याती होती. निदानासाठी लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी शाळेची प्रगतिपुस्तके मागितली आणि आईने ती माळ्यावरून काढून दिली. वर्गात दंगा करणाऱ्यांत मी नव्हते, खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्यांत होते. अशा मुलींकडे कोणाचे लक्ष जात नाही.

औषधाने मन एका जागी थांबू लागले, पण ते कोणत्या कामावर थांबवायचे हे गोळी सांगत नाही. मिळकतकराच्या सवलतीची मुदत दरवर्षी उलटून जायची ती जातच राहिली. त्या बाबतीत आठवड्यातून एकदा, समोरासमोर बसून मार्गदर्शन (कोचिंग) करणाऱ्या बाईंचा मला खरा उपयोग झाला. ‘उद्या करते’ हे उत्तर त्या स्वीकारत नाहीत. सकाळचा चहा झाल्यावर, साडेनऊ वाजता, कोणता कागद प्रथम उघडणार, हे माझ्याकडून वदवून घेतात, आणि कंटाळवाण्या कामाच्या वेळी फोनवर नुसत्या सोबत राहतात. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. डॉक्टरांच्या दहा-पंधरा मिनिटांच्या तपासणीत मात्र एवढे होणे शक्य नाही.

तथापि, या बाईंच्या आधी मी एका लाइफ कोचकडे, म्हणजे आयुष्याची घडी बसवण्याविषयी पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे, जात होते. पहिल्याच संभाषणात त्यांनी सहा महिन्यांचे शुल्क आगाऊ घेतले आणि तिसऱ्या भेटीत ‘गोळ्या हळूहळू सोडा’ असा सल्ला दिला. उत्साहाच्या भरात पैसे भरणे, अटी न वाचणे आणि नंतर परतावा मागण्याचे विसरणे ही आमच्या विकाराचीच लक्षणे असल्याने, असे ‘पॅकेज’ नेमक्या त्याच दुबळेपणावर चालते.

यातील विसंगती पाहावी. मला दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे औषध अनुसूची ‘एक्स’मध्ये, म्हणजे कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, मोडते, त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांपैकी एक दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला) भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. तेच औषध बंद करण्याचा सल्ला देणाऱ्या लाइफ कोचला मात्र कायद्याने कोणतीही नोंदणी बंधनकारक नाही. दारावर पाटी लावली की पुरे.

कोचिंगवर बंदी घालावी, असे मी म्हणत नाही. त्यावाचून माझे चालणारही नाही. परंतु पैसे घेण्यापूर्वी आपले प्रशिक्षण कोणते, आपण निदान व औषधोपचार करीत नाही, आणि कोणत्या स्थितीत डॉक्टरांकडे पाठवू, हे एका पानावर मराठीत लिहून देण्याची पद्धत पडावी, व शुल्क महिन्याचे महिन्याला घेतले जावे. माझ्या आताच्या मार्गदर्शक बाईंनी असे पान न मागता दिले. (ते फ्रिजच्या दारावर चिकटवले आहे, एरवी कधीच हरवले असते.) पुण्यातील मानसोपचारतज्ज्ञांनीही, आपण ज्यांच्याबरोबर काम करतो अशा मार्गदर्शकांची यादी दवाखान्यात लावावी, म्हणजे निदानाचा कागद हातात घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला मोबाइलवरच्या जाहिरातींतून निवड करावी लागणार नाही.

– एक वाचक, कोथरूड, पुणे