उड्या मारायचे गेम संपले, हे कोणी सांगितलं?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गेमिंगवर जो लेख आला होता त्यात एका ओळीत लिहून टाकलंय की डावीकडून उजवीकडे पळत उड्या मारायचे जुन्या पद्धतीचे गेम आता आठवणीपुरते उरलेत, पैसे देऊन कोणी घेत नाही. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण हे खरं नाहीये आणि गेम बनवायला शिकणारी बरीच पोरं तुमचा पेपर वाचतात.

निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचंच बघा ना. त्यांच्या वी (Wii) कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवर, त्यांनी २००७ ला थ्रीडी, म्हणजे सगळ्या दिशांना फिरता येणारा, सुपर मारिओ गॅलेक्सी आणला, जगभर कौतुक झालं, खप सव्वा कोटी प्रतींच्या आसपास. मग २००९ ला त्याच कन्सोलवर न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी आणला, एकदम सपाट, जुन्या वळणाचा, आणि तो ३ कोटींच्या वर गेला. मशीन तेच, मारिओ तोच, आणि खप दुपटीहून जास्त! माझ्या मते कारण सोपं आहे, थ्रीडीमध्ये आधी कॅमेरा, म्हणजे पडद्यावर कुठल्या बाजूने बघायचं ते, सांभाळायला शिकावं लागतं, इथे आजीच्या हातात रिमोट दिला तरी तिला कळतं की पुढे जायचंय आणि खड्डा आला की उडी मारायची, शिवाय चौघं एकदम खेळू शकतात. बरं हे जुनं झालं म्हणाल तर २०२३ चा सुपर मारिओ ब्रदर्स वंडर घ्या, पहिल्या दोन आठवड्यांत ४३ लाख प्रती.

लोक म्हणतात ही सगळी नॉस्टॅल्जियाची कमाई. मी स्वतः टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये फुंकर मारून मोठा झालोय, माझं ठीक आहे, पण माझी मुलगी ९ वर्षांची, तिने कॅसेट बघितलेलीसुद्धा नाही. ती सेलेस्ट खेळते, असाच उड्यांचा २०१८ चा गेम. एका उडीवर पंधरा-वीस वेळा मरते आणि परत सुरू करते, कारण तिला माहितीये की चूक गेमची नाही. त्या गेममध्ये पाय कड्यावरून सुटल्यावरही निमिषभर उडीचं बटण चालतं, बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलंय तसं, खेळणाऱ्याला कळतही नाही, फक्त हाताला बरं वाटतं. लोक पैसे या मेहनतीचे देतात हो.

आता आपटलेलं उदाहरणही सांगतो. युबिसॉफ्टचा प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन, जानेवारी २०२४. गेम सुंदर, परीक्षणं उत्तम, पण कंपनीला हवा तेवढा खपला नाही आणि त्याच वर्षी ती टीम मोडली. यावरून पब्लिकला साइड-स्क्रोलर, म्हणजे हेच डावीकडून उजवीकडे पळायचे गेम, नकोत असं काढणं चूक आहे, सुरुवातीला किंमत होती ५० डॉलर आणि मागे मोठ्या कंपनीचा खर्च, मग लाखांत खपूनही पुरत नाही. याउलट हॉलो नाइट, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या दोन-तीन जणांनी किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या वेबसाइटवर, ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर गोळा करून २०१७ ला काढला, किंमत १५ डॉलर, आणि २०२५ पर्यंत दीड कोटी प्रती. त्याचा पुढचा भाग सिल्कसाँग सप्टेंबर २०२५ ला २० डॉलरला आला तेव्हा एकदम इतके लोक घ्यायला धावले की ऑनलाइन दुकानंच बंद पडली. कोण म्हणतं मार्केट नाही?

आणि आपल्याकडे तर हे जास्तच लागू पडतं. माझ्या भाच्याकडे ग्राफिक्स कार्ड नसलेला जुना कॉलेजचा लॅपटॉप आहे, मोठे थ्रीडी गेम त्यावर उघडतही नाहीत, हॉलो नाइट मात्र मस्त चालतो. असे लॅपटॉप घरोघरी आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या गेम कंपनीने २०२० ला राजी नावाचा गेम काढून दाखवलं की इथे बसून जगात विकता येतं, तो साइड-स्क्रोलर नव्हता पण टीम छोटीच होती. मग चार-पाच जणांनी मिळून छोटा, स्वस्त, पण उडी अगदी नीट बसलेला गेम का बनवू नये? भाचा आणि त्याचे दोन मित्र सध्या तेच करतायत, आणि तुमचा लेख वाचून त्यातला एक जण म्हणाला की सोडून देऊ या.

म्हणून विनंती आहे की ती ओळ दुरुस्त करून छापा, आणि जमलं तर पुण्या-मुंबईत असे गेम बनवणाऱ्या पोरांना भेटून एक मोठा लेख करा.

आपला नियमित वाचक,
सातारा