लॉनची कड कापायची अवजारे सदोष निघाल्याबाबत तक्रार

जळगाव
दि. १० ऑक्टोबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
बागकाम अवजारे विभाग

विषय : अर्धचंद्र पात्याचे एजर (४ नग) आणि लांब दांड्याच्या कड-कात्र्या (२ नग) परत घेऊन पूर्ण रक्कम मिळणेबाबत

महोदय,

वरील माल आपल्या संकेतस्थळावरून मागवला होता, तो २४ सप्टेंबरला मिळाला. जळगाव-भुसावळ भागातल्या मंगल कार्यालयांची लॉन राखण्याचे काम आम्ही करतो. आपल्या ग्राहक सेवेने फोनवर ‘वापरण्याची पद्धत चुकत असेल’ असे सांगितले, म्हणून आधी एजर वापरण्याची पद्धतच लिहितो.

दोन खुंट्यांना दोरी ताणून बांधतो. दोरीलगत सरळ फळी ठेवून तिच्यावर उभे राहतो. पाते फळीच्या कडेला टेकवून उभे धरायचे, पायाने दाबायचे आणि दांडा डावी-उजवीकडे डोलवून हरळीची मुळे तोडायची. पाते ९ इंचांचे आहे. प्रत्येक काप आधीच्या कापावर ३ इंच चढवला की एका दाबात ६ इंच पुढे सरकता येते, म्हणजे १०० फुटांना २०० दाब. प्रत्येक दाबाला पाते त्याच रेषेत राहिले तरच कड सरळ येते.

आपल्या एजरचे पाते रेषेत राहत नाही. दांडा नळीत एकाच स्क्रूवर धरलेला आहे, आरपार रिव्हेट नाही. लाकूड पुरते वाळलेले नव्हते, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात ते आकसले आणि दांडा नळीत फिरू लागला. तो ५ अंश जरी फिरला तरी ९ इंची पात्याच्या दोन टोकांत पाऊण इंचाचा फरक पडतो. मग कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते. फळी कितीही सरळ असली तरी हा दोष झाकत नाही.

दुसरा दोष पात्यात. जाहिरातीत जाडी ३ मिमी लिहिली आहे, व्हर्नियरने मोजली तर १.८ मिमी भरली. पात्याला पाणी देण्यातही (पोलाद तापवून कडक करण्यातही) खोट दिसते : चारपैकी तीन पाती पहिल्या दिवशीच मुरडली. पाय ठेवायची पट्टीही दोन टाक्यांच्या वेल्डिंगवर आहे, एका नगाची तर उखडली.

सोबतच्या पत्रकात ‘आधी भरपूर पाणी द्या आणि ६ इंच खोल कापा’ असे छापले आहे. खानदेशच्या काळ्या मातीत हे उलटे पडते. ओली असताना ही माती फुगते आणि पात्याला लेपासारखी चिकटते, वाळली की दगड होते. कड कापायची ती वापशावर : मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. खोलीही २ ते ३ इंच पुरते. त्याहून खोल चर काढला तर त्यातून ओल लवकर उडते, उन्हाळ्यात भेग त्याच रेषेवर धरते आणि कड ढासळते. हे पत्रक बदलाच. ते वाचून नवखा माणूस चांगले लॉन बिघडवेल.

कात्र्यांचे पाते कडेने जमिनीबाहेर लोंबणारे गवत कापण्यासाठी असते. चांगल्या कात्रीची दोन पाती किंचित बाकदार असतात. मिटून उजेडासमोर धरली की मध्ये बारीक फट दिसते, आणि कापताना ती बुडापासून टोकापर्यंत एकेका बिंदूवर भिडत जातात. आपली पाती सपाट आहेत, शिवाय बोल्टला लॉक नट नाही. तासाभरात बोल्ट सैल पडतो आणि हरळीचा धागा तुटण्याऐवजी दोन पात्यांत दुमडून बसतो.

‘मग ट्रिमर (फिरत्या तारेने गवत कापणारे यंत्र) वापरा’ असा सल्ला दिलात तर तो आम्हाला चालणार नाही. नायलॉनची तार वरची पाने उडवते, जमिनीखालून वाफ्यात शिरणारे हरळीचे धुमारे तिला तोडता येत नाहीत. जरा तिरपी लागली तर कडेचे गवत खरवडून माती उघडी पडते.

तुळशीचे लग्न झाले की इथली लॉन लग्नांनी भरतात, कडा त्याआधी बांधून व्हायला हव्यात. त्यामुळे बदली माल नको, सर्व ६ नगांची रक्कम आणि परत पाठवण्याचा वाहतूक खर्च हवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करू आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. मुरडलेली पाती, उखडलेली पट्टी आणि व्हर्नियरवरचे माप यांचे फोटो सोबत आहेत. अवजारे तपासणीसाठी तशीच ठेवली आहेत.

आपले,
लॉन देखभाल ठेकेदार, जळगाव
सोबत : बिलाची प्रत, फोटो