नाक खाली आलं की ढील

पुणे, १० डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पतंगाचा छंद लावून घ्यायचा म्हणता, तर खुशाल घ्या. "ह्या वयमा पतंग?" म्हणणारे गल्लीत निघतीलच, निघू देत. फोनवर सांगितलेली मापं दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीत, म्हणून लिहून पाठवतेय. आणि आई, हे पत्र तुलाही आहे. बाईमाणसाच्या हातात फिरकी द्यायची आणि पतंग आपण उडवायचा, ही रीत आपल्या घरी नको. वाती वळणाऱ्या बोटांना दोऱ्याचा ताण लवकर कळतो, आणि पतंग हा निम्मा ताणाचाच खेळ आहे.

काटाकाटीचा विचार आधी डोक्यातून काढा. संक्रांतीच्या आठवड्यात गावभर पेच लागतात, त्यात उतरायचं तर मांजा लागतो. मांजा म्हणजे कापलेली बोटं, आणि तुमच्या साखरेला बोटावरची चीर भरायला महिना लागायचा. नायलॉनचा तर घरातही आणू नका. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली आहे. तरी तो गुपचूप विकला जातो, 'न तुटणारा आहे' असं कौतुकानं सांगून. तो तुटत नाही हाच त्याचा दोष. झाडात, तारेत महिनोन् महिने लोंबत राहतो आणि त्यात घारी, बगळे, मोटारसायकलवाल्यांचे गळे अडकतात. तुम्ही साधा सुती दोरा मागा, ज्याला सद्दी म्हणतात तो, बिनखळीचा, बिनकाचेचा. सहा तारी किंवा नऊ तारी असं दुकानदार विचारेल. थंडीतल्या हलक्या वाऱ्याला सहा तारी पुरतो. नऊ तारी जड असल्यामुळे मधे झोळ पडतो आणि तुमचा झटका पतंगापर्यंत पोचतच नाही. हजार वारांचं एक रीळ, म्हणजे ९१४ मीटर. तेवढं दोघांना भरपूर झालं, कारण पहिले दोन महिने ऐंशी-शंभर मीटरच्या पुढे जायचंच नाही. फिरकी दोन्ही बाजूंना दांडी असलेली घ्या. येवल्याची फिरकी, म्हणजे आसारी, दिसायला झोकदार असते, पण तिला मनगट सरावाचं लागतं.

आता जागा. गच्ची नको, आणि गावाकडच्या मातीच्या धाब्यावर तर अजिबात नको. धाब्याला कठडा नसतो आणि पतंग उडवणारा माणूस हमखास मागे मागे सरकतो. शिवाय गच्चीवरचा वारा चांगला नसतो. घरं, पाण्याच्या टाक्या, झाडं यांना आपटून तो भोवऱ्यासारखा फिरतो आणि चांगला पतंगही तिथे वेड्यासारखा वागतो. आडोसा जितका उंच, त्याच्या निदान सात-आठ पट अंतरावर उभं राहावं. दहा मीटरचं कडुनिंबाचं झाड वाऱ्याच्या बाजूला असेल तर सत्तर-ऐंशी मीटर पुढे जायचं. बोरी नदीच्या पात्रात जिथे पाणी नसतं ती मोकळी वाळू उत्तम. वेचणी झालेल्या कापसाच्या शेतात जाऊ नका; पऱ्हाटीचे खुंट पायात घुसतात आणि दोरा त्यांच्यात जो गुंततो तो कापूनच काढावा लागतो. रेल्वेलाइनपासून चांगले दूर राहा. सुरत-भुसावळ मार्गावर डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, आणि दवानं ओला झालेला सुती दोरा वीज वाहू शकतो. महावितरणच्या तारांवर पतंग अडकला तर तो गेला असं समजून दोरा सोडून द्यायचा, ओढायचा नाही. दहा रुपयांची वस्तू आहे.

एक गंमत सांगते. १९३४ च्या विमान कायद्यात विमानाची व्याख्या केली होती, तिच्यात फुगे आणि पतंगही घातले होते. म्हणजे बाबा, निवृत्तीनंतर तुम्ही वैमानिक.

वेळेचं गणित जरा नीट बघा, कारण लोक तिथेच चुकतात. आपल्याकडे थंडीत वारा बहुधा उत्तरेकडून नाहीतर ईशान्येकडून येतो, आणि पतंग उडवताना पाठ वाऱ्याकडे असते. म्हणजे तोंड दक्षिणेला. थंडीतला सूर्य दुपारभर दक्षिणेलाच, मग पतंग आणि ऊन दोन्ही एकाच जागी. आठ वाजता जावं तर वारा नसतो, कारण रात्रीची गार हवा तापीच्या खोऱ्यात जमिनीलगत बसून राहिलेली असते. जमीन तापल्यावर ती हलते. शिवाय दवानं कागद मऊ पडतो. म्हणून साडेनऊ ते अकरा हीच तुमची वेळ. तेव्हा सूर्य डाव्या हाताला असतो. तरीही टोपी आणि काळा चष्मा लागेलच. पाखरं उजाडताना आणि मावळताना थव्यानं ये-जा करतात, त्या वेळा अशाही टळतात. मे-जूनमध्ये वारा पश्चिमेचा होतो, तेव्हा मात्र संध्याकाळी पाठीवर ऊन घेऊन छान उडवता येतं. फक्त तो वारा दांडगा असतो, त्याचं पुढे लिहिते.

वारा किती आहे हे पिंपळाला विचारू नका. त्याच्या पानाचा देठ लांब आणि बारीक, ते झुळुकेलाही सळसळतं. कडुनिंब बघा. पानं नुसती हलत असतील तर ताशी सहा ते अकरा किलोमीटर, पतंग उडेल पण हात चालता ठेवावा लागेल. पानांबरोबर बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर बारा ते एकोणीस, शिकायला याहून चांगला वारा नाही. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले की वीसच्या पुढे गेला, त्या दिवशी घरी बसा. दिशा कळायला धूर. थंडीत कुठे ना कुठे भरिताची वांगी भाजायला काट्या पेटलेल्या असतातच. धूर जमिनीलगत एकीकडे आणि वर दुसरीकडे जात असेल तर वारा अजून बसलेला नाही, अर्धा तास थांबा. तोवर भरीत मिळालं तर बघा.

पतंग कागदाचाच, प्लॅस्टिकचा नको. बाजू साधारण पन्नास सेंटीमीटर, म्हणजे नाकापासून (वरचं टोक) शेपटीपर्यंत (खालचं टोक) सत्तर-एकाहत्तर. लहान पतंग फार चपळ असतो, नवशिक्याच्या हाती लागत नाही. मोठा हात ओढतो. एकदम दहा घ्या, पण एकेक तपासून. उभी काडी सरळ हवी. आडवी काडी, कमान, ही सगळ्यात महत्त्वाची. नाक धरून दोन्ही टोकं हलकेच मागे वाकवा. दोन्हीकडे सारखी वाकली पाहिजेत. एक बाजू ताठ आणि एक लवचीक असेल तर तो पतंग जन्मभर एकीकडे ओढणार. मग मधल्या काडीखाली बोट धरून तोला, जी बाजू खाली जाते ती जड. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे.

आता सुत्तर, म्हणजे पतंगाला वर आणि खाली बांधायचा तो दोरा, ज्याच्या गाठीला उडवायचा दोरा जोडतात. काही जण त्याला मंगळसूत्र म्हणतात. दहापैकी आठ तक्रारी इथल्याच असतात. दोरा हातभरापेक्षा बराच लांब, एक मीटर घ्या. जिथे कमान आणि उभी काडी एकमेकींवरून जातात तिथे चौफुलीच्या समोरासमोरच्या दोन कोनांत उदबत्तीच्या टोकानं दोन भोकं पाडा. सुईनं पाडलं तर कागद फाटत जातो, उदबत्तीनं कडा जळून पक्की होते. दोरा दोन्ही काड्यांना मिळून वळसा घालून बांधा, नुसत्या कागदात अडकवू नका. खालची जागा शेपटीच्या टोकापासून सोळा सेंटीमीटर वर, उभ्या काडीच्या दोन्ही बाजूंना एकेक भोक. मग दोन्ही पाय एकत्र ओढून गाठ मारायची. वरचा पाय छत्तीस सेंटीमीटर, खालचा साडेअडतीस. म्हणजे खालचा एक-दीड बोट लांब. गाठ सरकती ठेवा, कारण पहिल्या दिवशी ती तीन-चार वेळा हलवावी लागेल.

कशी हलवायची ते असं. पतंग वर जाऊन गरागरा फिरत असेल, थांबतच नसेल, तर वरचा पाय तीन-चार मिलिमीटर कमी करा. नाक पुढे झुकतं, पतंग वारा कमी पकडतो आणि शांत होतो. उलट तो नुसता ओढत असेल, चढत नसेल, तर तेही वरचा पाय लांब झाल्याचंच लक्षण, कमीच करा. मात्र तो सरळच जात असेल, ढील दिली तरी वळत नसेल, तर वरचा पाय तेवढाच वाढवा. एका वेळी तीन-चार मिलिमीटर, जास्त नाही. बोटभर सरकवलं की नेमकं कशानं काय झालं ते कळत नाही. आणि फिरत नसून कायम एकाच बाजूला, समजा डावीकडे कलत असेल, तर सुत्तराला हात लावू नका. उजव्या टोकाला कमानीवर दोऱ्याचे पाच-सहा वेढे द्या, त्या वजनानं तो सरळ होतो.

उडवताना पळायचं नाही. पळणारा माणूस वाऱ्याकडे बघत नाही, पायाखालीही बघत नाही. बाबांनी वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. आई, तू पतंगाची दोन्ही टोकं धरून पंधरा-वीस मीटर पुढे जायचंस, तोंड बाबांकडे, पतंगाचं नाक वर. दोरा ताणलेला हवा. वाऱ्याची झुळूक आली की बाबांनी सांगायचं आणि तू नुसतं सोडायचंस. वर फेकलास तर तो उलटा होऊन येतो. बाबांनी लगेच हातावर हात टाकून चार-पाच मीटर दोरा ओढायचा. पाच-सात मिनिटांनी जागा बदला, तुझी पाळी.

पुढचं सगळं एका गोष्टीवर आहे. दोरा ताणलेला असताना पतंग नाकाच्या दिशेनं सरळ धावतो. दोरा सैल सोडला की तो सपाट होऊन डोलतो आणि फिरायला लागतो. म्हणजे ढील दिली की दिशा बदलते आणि खेचलं की त्या दिशेनं जातो. नाक डावीकडे आलं आणि डावीकडे जायचंय, तर तेव्हा खेचा. उजवीकडे जायचं असेल तर थोडी ढील द्या, नाक फिरू द्या, मग खेचा. हे कळतं पहिल्या दिवशी, हाताला यायला तीनेक आठवडे लागतात.

आणि चूक सगळ्यांची तीच होते. पतंग खाली नाक करून सुटला की माणूस घाबरून खेचतो. नाक जमिनीकडे असताना खेचणं म्हणजे त्याला जमिनीत रोवणं. त्या क्षणी हात सैल सोडायचा, दोन-तीन मीटर दोरा जाऊ द्यायचा. पतंग सपाट होतो, फिरतो, नाक वर येतं, मग खेचायचं. जमिनीपासून वीस-पंचवीस मीटरच्या वर असाल तरच हे जमतं, म्हणून कमी उंचीवर खेळ करत बसू नका, आधी वर न्या.

दांडग्या वाऱ्यात उडवायचाच झाला तर कमानीची दोन्ही टोकं पाठीमागून एका दोऱ्यानं बांधून तीन-चार सेंटीमीटर बाक आणा आणि खाली मीटरभर कागदाची शेपटी लावा. पोरं हसतील शेपटीला. पण शेपटीचा पतंग आरामात बसून उडवता येतो, आणि मला विचाराल तर तुमच्यासाठी तोच खरा छंद आहे.

बसून म्हणजे खरंच बसून. घडीची खुर्ची घेऊन जा. मान मागे टाकून वीस मिनिटं बघितलं की बाबांना चक्कर येणारच. ऐंशी मीटर दोरा असताना पतंग साधारण पन्नास मीटर उंच आणि समोर दिसला पाहिजे. तो डोक्यावर यायला लागला की थोडा दोरा सोडा, वारा त्याला पुढे घेऊन जातो आणि मान खाली येते. दर पंधरा मिनिटांनी फिरकी दुसऱ्याकडे. तर्जनीच्या मधल्या पेरावर मेडिकलमधली कापडी चिकटपट्टी गुंडाळा, सुती दोराही झरझर सरकताना चटका देतो. बीपीची गोळी आणि नाश्ता झाल्याशिवाय निघायचं नाही, पाण्याची बाटली बरोबर.

फाटलेल्याला सेलोटेपच्या पट्ट्या लावू नका, वजन एका बाजूला जातं. पतंगी कागदाचा तुकडा आणि मैद्याची खळ, किंवा नुसतं भाताचं शीत. पतंग उतरवताना दोरा वाळूवर सोडत गेलात तर गुंता ठरलेला. एकानं हळूहळू खाली ओढायचा, दुसऱ्यानं लगेच फिरकीवर घ्यायचा. तुटलेला दोरा मात्र तिथेच टाकून येऊ नका, गोळा करून घरी आणा. पायात दोरा गुंतून पाखरांची बोटं गळून पडतात.

पहिल्या दिवशी तीन-चार पतंग फाटतील, म्हणूनच दहा सांगितले. सुत्तराची मापं आईच्या शिवणाच्या टेपनं घ्या आणि कोणती जमली ती पतंगाच्या मागेच पेन्सिलीनं लिहून ठेवा. संक्रांतीला मी येते, तोवर निदान एक पतंग न फाटलेला ठेवा.

तुमची लेक,
ताई

ता. क. आई, उदबत्तीनं भोकं तू पाड. बाबा पाडतील तर कमानच जाळतील.