जहाजावरच्या मेजवानीला बंदगळा आणि साडीही चालते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत परदेशी क्रूझवर नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. लेख माहितीपूर्ण आहे, पण त्यातील एका वाक्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले. ‘औपचारिक संध्याकाळी पुरुषांना टक्सिडो आणि स्त्रियांना गाऊन अनिवार्य असतो’ असे ते वाक्य आहे. (टक्सिडो म्हणजे काळे जाकीट आणि गळ्यात बो असा पाश्चात्त्य मेजवानीचा सूट.) गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझे पती आणि मी इंग्लंडमधील साउदम्प्टन बंदरातून ‘क्वीन मेरी 2’ या जहाजाने न्यूयॉर्कला गेलो, तेव्हा नेमक्या याच गैरसमजापायी आमचे बरेच पैसे गेले आणि त्याहून अधिक मनस्ताप झाला. आता नागपुरातूनही निवृत्त मंडळी अशा प्रवासाला जाऊ लागली आहेत. त्यांना तरी असा मनस्ताप होऊ नये.

आमची मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्याकडे जाताना एकदा विमानाऐवजी जहाजाने जावे, ही माझ्या पतींची फार जुनी इच्छा होती. अंबाझरी आणि फुटाळ्यापलीकडे पाणी न पाहता वाढलेल्या माणसाला समुद्राचे असे वेड का लागावे, हे मला चाळीस वर्षांच्या संसारात उमगलेले नाही. आरक्षण येथील एका प्रवासी कंपनीमार्फत केले. कंपनीच्या प्रतिनिधीने आम्हाला ठामपणे सांगितले, की टक्सिडोशिवाय जेवणाच्या दालनात पाऊल ठेवू देणार नाहीत आणि साडीचे म्हणाल तर ‘काकू, तिकडे साडी कोणी नेसत नाही, पायात अडकेल, सरळ दोन गाऊन घ्या’. आम्ही विश्वास ठेवला. सीताबर्डीवरील आमच्या नेहमीच्या शिंप्याने जन्मात पहिल्यांदा टक्सिडो शिवला. कमरेच्या रेशमी पट्ट्याचे चित्र पाहून त्याने ‘हा पट्टा सदऱ्यावरून बांधायचा की खालून?’ असे विचारले, तेव्हा उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. मी दोन गाऊन विकत घेतले. त्यांपैकी एक अजून घडीसुद्धा न मोडता पडून आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. हे जहाज ज्या क्युनार्ड कंपनीचे आहे, ती 1840 पासून अटलांटिकपार प्रवासी नेते आणि पोशाखाच्या बाबतीत आजच्या जहाज कंपन्यांत बहुधा सर्वांत जुन्या वळणाची आहे. तिच्याच नियमांत ‘गाला इव्हनिंग’साठी, म्हणजे औपचारिक मेजवानीच्या संध्याकाळसाठी, पुरुषांना टक्सिडो अथवा डिनर जाकीट, किंवा टायसह गडद रंगाचा सूट, आणि त्याबरोबरच आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख किंवा सैनिकी गणवेश चालेल, असे दिलेले आहे. म्हणजे ज्याच्याजवळ लग्नासमारंभात वापरायचा काळा किंवा गडद निळा सूट आहे, त्याला नवे काही शिवण्याची गरज नाही. आणि ज्याच्याजवळ बंदगळा किंवा शेरवानी आहे, त्याला तर टायही लागत नाही. माझ्या पतींचा मुलीच्या लग्नातील काळा बंदगळा त्या वेळी धरमपेठेत कपाटात टांगलेला होता.

हे आम्हाला कळले ते पहिल्या मेजवानीच्या रात्री. आमच्या सात रात्रींच्या प्रवासात अशा दोन संध्याकाळी होत्या. पोटावर ताणलेल्या टक्सिडोत श्वास जपून घेत माझे पती बसले होते आणि शेजारच्या टेबलावर सत्तरी ओलांडलेले एक स्कॉटिश गृहस्थ चौकड्यांचा किल्ट म्हणजे त्यांच्याकडचा पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, वर काळे जाकीट आणि पायात लोकरी मोजे अशा थाटात, गुडघे उघडे ठेवून, अगदी आरामात सूप पीत होते. थोड्या वेळाने पायघोळ, भरतकाम केलेल्या झग्यातील एक नायजेरियन दांपत्य आले, तेव्हा वाढप्यांनी त्यांची खुर्ची ज्या अदबीने मागे ओढली तीच अदब आमच्याही वाट्याला आली होती. गळ्यातील बो किंचित सैल करीत हे मला एवढेच म्हणाले, ‘यांना कोणी अडवले नाही.’ दुसऱ्या मेजवानीला मी मुलीसाठी म्हणून नेलेली कोशाची करवतकाठी साडी नेसले. भंडारा-नागपूरकडच्या विणकरांच्या हातची ती साडी; तिच्या काठावरील करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीबद्दल त्या रात्री मला इतक्या जणींनी विचारले, की जेवण निवून गेले.

तरीही ‘काहीही चालते’ असा याचा अर्थ नाही. पारंपरिक वळणाच्या जहाजावर संध्याकाळी सहानंतरचा पोशाख हा त्या प्रवासाचाच भाग मानला जातो आणि मेजवानीच्या रात्री तो नियम केवळ जेवणाच्या दालनापुरता नसतो. नाट्यगृह, नृत्याचे दालन आणि बहुतेक बैठकींच्या जागा यांनाही तो लागू असतो. राष्ट्रीय पोशाख म्हणजे औपचारिक राष्ट्रीय पोशाख, यातील ‘औपचारिक’ हा शब्द आपण सोयीस्करपणे गाळतो. चुरगळलेला सुती कुडता, त्याखाली जीन्स आणि पायात अंगठ्याची चप्पल, हा पोशाख आपल्याकडे साखरपुड्यालाही कोणी घालून येणार नाही, मग तो तेथेच का घालावा? बंदगळ्याखाली इस्त्रीची पँट आणि पॉलिश केलेले बंद बूट हवेत. धोतर नेसायचे तर ते रेशमी काठाचे, वर चांगला लांब कोट, आणि मुख्य म्हणजे नेसणाऱ्याला त्याची सवय असावी. हलत्या जहाजावर धोतराचा सोगा सावरण्याचे शिक्षण घेण्याची ती जागा नव्हे. ज्या रात्री मेजवानी नसते त्या रात्री नियम सौम्य असतात: पुरुषांना कॉलरचा शर्ट, नीटनेटकी पँट आणि शक्यतो जाकीट, तर स्त्रियांना साधी रेशमी साडी किंवा चांगला सलवार-कमीज पुरेसा होतो. दिवसा तर कोणी कोणाकडे पाहतही नाही. काही संध्याकाळींना ‘काळा-पांढरा’ किंवा ‘मुखवटे’ असा विषय दिलेला असतो, पण तो हौसेचा भाग आहे.

आणि ज्यांना हा थाटमाट मुळीच नको, त्यांनी उपाशी राहावे असेही नाही. स्वतः वाढून घेण्याचे मोठे भोजनालय आणि आणखी एक-दोन ठिकाणे त्या रात्रीही साध्या कपड्यांतील प्रवाशांसाठी खुली असतात. आमच्या प्रतिनिधीने ही गोष्ट आधी सांगितली असती, तर निवड तरी आम्ही आमच्या मनाने केली असती.

या विषयाचा विचार करताना मला सारखी आठवण होते ती अठरा वर्षांच्या मोहनदास गांधींची. 4 सप्टेंबर 1888 रोजी ते मुंबईहून निघाले आणि, आत्मकथेत त्यांनी लिहिल्याप्रमाणे, याच साउदम्प्टनला उतरले. बोटीवर ते काळा सूट वापरीत आणि मित्रांनी आणवून दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्यांनी खास उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. सप्टेंबरच्या अखेरीस धक्क्यावर पाहतात तो पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. पेट्या आधीच पुढे गेलेल्या आणि दुसरा दिवस रविवारचा, त्यामुळे कपडे बदलण्याचीही सोय नाही. काट्याचमच्यांची सवय नाही आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर होत नाही, म्हणून बोटीवर त्यांनी जेवण आपल्या खोलीतच घेतले आणि मुख्यतः घरून नेलेल्या मिठाईवर व फळांवर भागवले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. तेच गांधीजी 1931 मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राजाला भेटायला गेले ते पंचा आणि शाल या वेशात. आमच्या प्रतिनिधीच्या सल्ल्याला मात्र 1888 नंतरचे जग ठाऊक नसावे.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेला निघाल्या. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील 1885 सालचे त्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते: साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानी विद्यार्थिनी आणि आपल्या देशाच्या वेशातील सीरियाची विद्यार्थिनी. ते महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी दिलेल्या स्वागतसमारंभाच्या वेळचे आहे, म्हणजे प्रसंग औपचारिकच होता. ज्याला आपण जगाचा नियम समजून दबून जातो, त्या टक्सिडोचे नाव न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या वसाहतीवरून पडले. उलट आपल्याच देशात 2014 मध्ये चेन्नईतील एका क्लबने धोतर नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना दारात अडवले होते आणि त्याविरुद्ध तमिळनाडू विधानसभेला त्याच वर्षी कायदा करावा लागला. तेव्हा साहेबापेक्षा साहेबाचा नियम आपणच अधिक कडकपणे पाळतो, असे म्हटल्यास चुकीचे ठरू नये.

कपड्यांच्या व्यावहारिक बाजूबद्दल चार गोष्टी अनुभवाने सांगते. केबिनमध्ये स्वतःची इस्त्री वापरण्यास आगीच्या भीतीने मनाई असते. जहाजावर धुलाईघरे असतात आणि तेथे इस्त्रीची सोय असते, पण मेजवानीच्या दिवशी दुपारपासून तेथे रांग लागते, म्हणून साडी आदल्या दिवशीच इस्त्री करून टांगून ठेवावी. ऑगस्टमध्येही उत्तर अटलांटिकवर डेकवरचा वारा अंगाला झोंबतो; नागपूरच्या उन्हाळ्यात मुरलेल्या माणसाने स्वेटर आणि कानटोपी नेण्यात कमीपणा मानू नये आणि साडीवर घेण्यास एक चांगली शाल ठेवावीच. साडी नेहमीपेक्षा बोटभर उंच नेसावी, फॉल घट्ट शिवलेला असावा, टाचा बसक्या असाव्यात आणि जिन्यावर एक हात कठड्यासाठी मोकळा ठेवावा. पदराला पिना जास्तच लावाव्यात. जहाज 345 मीटर लांब असले तरी समुद्र खवळल्यावर तेही डुलते. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्याजवळ घेतल्यास ते डुलणे कमी जाणवते. मळमळीवर उपाय म्हणून आलेपाकाची वडी जवळ असू द्यावी. माझे पती मात्र संत्रा बर्फीवर भरवसा ठेवून होते आणि तिचा त्यासाठी काहीही उपयोग झाला नाही.

जेवणाच्या मुख्य दालनात दोन पंगती असतात, एक सहाच्या सुमारास आणि दुसरी साडेआठला. आपल्या सवयीला दुसरी मानवते, पण जेवण अनेक पदार्थांचे आणि सावकाश चालणारे असल्यामुळे उठेपर्यंत साडेदहा वाजतात. शाकाहारी असल्याचे आरक्षण करतानाच कळवावे आणि पहिल्या रात्री वाढप्याला पुन्हा सांगावे. तो मग दुसऱ्या दिवशीच्या जेवणाबद्दल आदल्या रात्रीच विचारून ठेवतो. टेबल अनेकदा अनोळखी लोकांबरोबर असते. आम्हाला त्याची धास्ती होती, पण प्रत्यक्षात नातवंडे, गुडघेदुखी आणि हवामान हे विषय सर्व देशांत सारखेच चालतात. काटे-सुऱ्यांचा क्रम बाहेरून आत असा असतो. चुकल्यास कोणी पाहत नाही आणि पाहिलेच तर वाढपी न बोलता नवीन चमचा ठेवून जातो. सेवकांच्या बक्षिसीची रक्कम बहुधा रोजच्या हिशेबात आपोआप मिळवली जाते, हे आधी माहीत नसल्यास शेवटच्या दिवशीचे बिल पाहून दचकायला होते.

या प्रवासाचे खरे सुख मला वेगळ्याच गोष्टीत सापडले. पश्चिमेकडे जाताना लंडन आणि न्यूयॉर्कमधील पाच तासांचा फरक एकेका रात्री एक तास मागे घेत वाटून टाकतात. विमानातून उतरल्यावर आठवडाभर डोके जड राहते, ते येथे झाले नाही. पाच दिवस आम्हाला पंचवीस तासांचे मिळाले. त्या जास्तीच्या तासात माझे पती ग्रंथालयात बसत आणि संध्याकाळी कपडे करायला दहा मिनिटे उशीर करीत, हे नागपूरला घडते तसेच तेथेही घडले.

प्रवासी कंपन्यांना माझी विनंती एवढीच आहे, की जहाज कंपनीचा पोशाखाचा नियम त्यांनी ऐकीव माहितीवर न सांगता मूळ मजकुरावरून मराठीत करून आरक्षणाच्या वेळीच लेखी द्यावा आणि त्यातील राष्ट्रीय पोशाखाचे वाक्य गाळू नये. आपल्या पुरवणीतही वरील लेखाच्या पुढील भागात ही दुरुस्ती छापली जावी, ही विनंती.

कळावे,
आपली नम्र वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर