चार वाजताची कादंबरी

ती. आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "कादंबरीत आता मन लागत नाही गं. चार पानं वाचते, उठते, परत बसले की कोण कुणाचा कोण तेच कळत नाही." आणि बाबांचं म्हणणं, जाड पुस्तक घेऊन बसायला सलग वेळच कुठे मिळतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यात वयाचा वाटा तुम्हाला वाटतो त्याहून पुष्कळ कमी आहे. उजेड, चष्मा, हातातलं वजन, बसायची वेळ आणि नावांचा गोंधळ, बहुतेक वेळा गाडी इथेच अडते, आणि यातलं सगळं घरच्या घरी नीट लावता येतं. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी सलग वेळेचं बोलते. मराठी कादंबरी वाढलीच मुळी हप्त्याहप्त्यानं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून थोडी थोडी करून छापून आली. ज्या घरांत ती वाचली गेली तिथे चूल होती, विहिरीचं पाणी होतं, आल्यागेल्याचं होतं. लोक पुढच्या अंकाची वाट पाहत आणि मधल्या दिवसांत मागचं मनात घोळवत. कादंबरी दोन बैठकांत संपवायची ही अट आपणच घालून घेतली आहे.

हिशेब करून बघा. साध्या आकाराच्या पुस्तकात एका पानावर अडीचशे ते तीनशे शब्द असतात. निवांत, मनातल्या मनात वाचलं तरी वीस मिनिटांत दहा-बारा पानं होतात. आठवड्यातला एक दिवस पाहुण्यांना किंवा दवाखान्याला सोडून दिला तरी तीनशे पानांची कादंबरी महिन्याभरात, फार तर सव्वा महिन्यात हातावेगळी होते. वर्षाला नऊ-दहा झाल्या. आणखी काय हवं?

मात्र ही वीस मिनिटं सलग हवीत. पंधराच्या खाली गेलं की कादंबरी साधत नाही, कारण पहिली तीन-चार मिनिटं नुसती कादंबरीतल्या गावात परत शिरण्यात जातात. म्हणून कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता कादंबरी धरू नकोस, आई. तिथे वर्तमानपत्र चालतं, सदर चालतं. कादंबरीत मन शिरलं तर दूध उतू जातं, नाही शिरलं तर वाचलेलं वाया जातं.

वेळ कोणती? दुपारी जेवल्यावर आडवं होऊन वाचायला घेतलं की दुसऱ्या पानावर डोळा लागणार, तो लागू दे. रात्री अंथरुणात हात दुखतात आणि दिवसभराचा थकवा असतो. मला तुमच्या घरात दुपारचे चार बरे वाटतात. झोप झालेली असते, संध्याकाळच्या स्वयंपाकाला अवकाश असतो आणि पश्चिमेच्या खिडकीतून उजेड येतो. चहा आधी पिऊन घ्या, म्हणजे मध्ये उठावं लागत नाही. फोन आतल्या खोलीत, पण आवाज चालू ठेवून. वाजला तर ऐकू येईल, पण दर दोन मिनिटांनी हात त्याच्याकडे जाणार नाही. मावशीला आणि शेजारच्या काकूंना सांगून टाक की चार ते साडेचार तू वाचत असतेस. एकदा सांगितलं की लोक पाळतात. मनातल्या मनात ठरवलेल्या वेळेवर मात्र सगळेच येऊन बसतात.

आता चष्मा आणि उजेड. या भागात घाई करू नका. बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात बसवलेलं साधं भिंग बहुधा लांबच्या नजरेसाठी असतं. वाचायला वेगळा नंबर लागतोच, आणि तो डोळा पूर्ण भरून आल्यावर, साधारण महिना-दीड महिन्यानं डॉक्टर काढतात. लांबचा नंबर शून्याच्या आसपास आला असेल तर वाचायला बहुतेकांना +२.५० ते +३.०० लागतो. हे भिंगाचं गणित आहे: +२.५० ला पुस्तक ४० सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतं, +३.०० ला ३३ वर. तुमची सवय पुस्तक पार मांडीवर ठेवायची, म्हणजे डोळ्यापासून ५० सेंटिमीटरच्या पुढे. तिथे अक्षरं पुसट होणारच, आणि दोष पुस्तकाला जातो. तपासायला जाताना एखादी कादंबरी बरोबर न्या, तुम्ही धरता तशी धरून दाखवा आणि त्याच अंतराचा नंबर मागा.

प्रोग्रेसिव्ह चष्म्यात, म्हणजे लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत असतो त्यात, वाचायचा भाग खाली आणि अरुंद असतो. चालताफिरताना तो उत्तम, पण तास-अर्धा तास वाचताना मान मागे टाकावी लागते आणि ओळीच्या टोकाला अक्षर तरळतं. वाचनासाठी फक्त जवळचा, एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. तो खुर्चीपाशीच राहू दे, तो लावून जिने उतरू नका. रस्त्यावरचे तयार चष्मे दोन्ही डोळ्यांना एकच नंबर देतात आणि त्यात तिरपा (सिलिंडरचा) नंबर नसतो, म्हणून थोड्या वेळात कपाळ दुखतं.

उजेड कमी आहे का हे ओळखायची एक खूण सांगते, ती आपल्या लिपीतच आहे. ध आणि घ, भ आणि म, ब आणि व यांत चूक होऊ लागली, अनुस्वार कुठे आहे ते शोधावं लागलं, रफार सुटून वाक्य दोनदा वाचावं लागलं, की समजायचं, आधी दिवा बघायचा. त्यातून जुन्या आवृत्त्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरठशांच्या छपाईच्या. झिजलेल्या खिळ्यांमुळे मात्रा अर्धवट उमटलेल्या असतात. अशा पानावर चांगल्या नजरेचा माणूसही अडखळतो. छताची ट्यूब पुरत नाही, कारण पुढे वाकलं की आपल्याच डोक्याची सावली पानावर पडते. ९ वॉटचा एलईडी बल्ब लावलेला टेबललॅम्प डाव्या खांद्याच्या थोडा मागे, पानापासून दीड-दोन फुटांवर ठेवा. दिवा दुप्पट लांब नेला की पानावर उजेड पाव उरतो, त्यामुळे मोठा बल्ब आणण्यापेक्षा दिवा जवळ ओढणं केव्हाही बरं. गुळगुळीत चकचकीत कागद असेल तर दिवा जरा तिरपा करा, नाहीतर पानावर पांढरा डाग दिसत राहतो. वाचताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. दर पान उलटताना एकदा जाणूनबुजून डोळे मिटायचे आणि खिडकीबाहेर पाहायचं.

वजन हा तुझा प्रश्न, आई. अंगठ्याच्या मुळाशी तुला जे दुखतं, त्यावर हजार पानांची बांधीव कादंबरी एका हातात पेलणं म्हणजे दुखण्यावर दुखणं. तुझा पोथीचा घडीचा लाकडी स्टँड काढ. तो टेबलावर ठेवून खाली दोन जाड पुस्तकं घातली की पान डोळ्यासमोर येतं आणि मान वाकत नाही. टेबलाशी बसायचं नसेल तर मांडीवर उशी, उशीवर पुस्तक. नवं पुस्तक एकदम मधोमध उघडून दाबायचं नाही, पाठ तुटते. ते टेबलावर पाठीवर उभं धर, आधी पुढचा पुठ्ठा आडवा कर, मग मागचा. नंतर पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, अशी दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं बसवत मध्यापर्यंत ये. मग ते स्वतःहून उघडं राहतं.

आता "कोण कुणाचा कोण". यात चूक तुझी नाहीच. आपल्या कादंबऱ्यांत एका माणसाला चार नावं असतात. आई त्याला बाळ म्हणते, धाकटे अण्णा म्हणतात, वहिनी भाऊजी म्हणते आणि गावात तो आडनावानं ओळखला जातो. बाईचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आणि लेखक पन्नास पानांनंतर दुसऱ्यावर जातो. नातवाला आजोबांचं नाव असतं ते वेगळंच. पेशवाईवरची कादंबरी असेल तर विचारूच नको: नानासाहेब वेगळे, नाना फडणवीस वेगळे, पण रघुनाथराव, राघोबा आणि दादासाहेब हा एकच माणूस. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव तर चुलत आजा-नातू नव्हेत, काका-पुतणे, आणि तेही एकमेकांना कधी भेटले नाहीत: थोरले गेले १७७२ च्या नोव्हेंबरात, सवाई जन्मले १७७४ मध्ये.

यावर उपाय पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाचा. तोच वाचनखूण. एका बाजूला माणसं लिहायची: मूळ नाव, पुढे "कोण काय हाक मारतं" आणि कुणाचा कोण. उदाहरणार्थ, "गोविंद – अण्णा (धाकटे), भाऊजी (वहिनी) – मधला मुलगा." नाव दुसऱ्यांदा आलं की मगच लिहायचं. पहिल्यांदा आलेलं प्रत्येक नाव टिपत बसलीस तर कार्ड दहा पानांत भरेल, आणि त्यातली निम्मी माणसं परत येत नाहीत. मागच्या बाजूला रोज उठताना एकच ओळ: "पान ८४, सुनेनं पेटी उघडली, पत्र सापडलं." दुसऱ्या दिवशी आधी ती ओळ, मग मागचं अर्धं पान, मग पुढे. एवढ्यानं गाव परत उभं राहतं. आणि थांबताना प्रकरण संपवून थांबू नकोस. प्रसंगाच्या मध्ये, एखादं बोलणं चालू असताना थांब. मन तिथे अडकून राहतं, परत बसायला ओढ लागते. संपलेल्या प्रकरणानंतर नव्यानं सुरुवात करावी लागते आणि कंटाळा नेमका तिथेच शिरतो.

इतक्या दिवसांनी वाचायला बसणार, तर पहिल्यांदा लहान काहीतरी घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) त्यासाठी फार योग्य आहे. दीडशे पानांच्या आसपास, वाडीवर आलेल्या एका मास्तराच्या तोंडून सांगितलेली, आणि प्रसंग सुटे सुटे, म्हणजे मध्ये दोन दिवस गेले तरी धागा तुटत नाही. त्यातली माणसं माणदेशी बोलतात. डोळ्यांना एखादा शब्द अडला तर तेवढं वाक्य मोठ्यानं वाचा, कानाला तो लगेच कळतो. 'तुंबाडचे खोत' मात्र आत्ता नको. दोन जाड खंड, पिढ्यांवर पिढ्या. ते पावसाळ्यात घ्या, सवय बसल्यावर, आणि कार्डावर वंशावळ आखूनच.

आवडेना तर सोडायचं कधी? चार बैठका, म्हणजे चाळीस-पन्नास पानं द्या. बोलीतल्या कादंबरीला कान बसायला वीस पानं लागतात, ऐतिहासिक कादंबरी सुरुवातीला बहुधा संथच असते. त्यानंतरही चार वाजले की टाळावंसं वाटत असेल तर खुशाल परत करा. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा कसला दोष लागत नाही, आई. सोडवत नाही म्हणून सहा महिने उशाशी पडलेलं पुस्तक मात्र पुढच्या दहा पुस्तकांची वाट अडवतं.

वाचनालयातून आणताना बाबा, काउंटरवरच एक गोष्ट बघा. पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे जुडग्यांत, छापून बांधतात. एखादा फर्मा गळालेला किंवा दोनदा बांधलेला असतो, आणि ते नेमकं रंगात आल्यावर कळतं. सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस असे आकडे चाळत शेवटपर्यंत जा, दोन मिनिटांचं काम आहे. शेवटचं पान आहे की नाही हेही बघा, तिथे कुणी शाईनं लिहिलेला अभिप्राय वाचू नका. आणि परतीची मुदत पाहूनच जाडी निवडा. पंधरा दिवसांच्या मुदतीत तुमची दीडशे पानं आरामात होतील, मोठ्या पुस्तकाचं मध्ये नूतनीकरण करून घ्यावं लागेल. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बँकेत जाल तेव्हा मात्र कादंबरी नेऊ नका, टोकनकडे लक्ष ठेवून ती होत नाही. कथासंग्रह न्या.

डोळे दमलेल्या दिवशी ऐकायला हरकत नाही. श्राव्य कादंबरीत झोपेचा टायमर असतो, तो वीस मिनिटांवर लावा, नाहीतर डोळा लागल्यावर दोन प्रकरणं पुढे निघून जातात आणि परत जागा सापडत नाही. वेग थोडा कमी करता येतो. मोबाइलवर पीडीएफ मात्र नको: त्यात पान मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि दर ओळीला बोट सरकवावं लागतं. ई-पुस्तक घ्यायचंच तर ज्यात अक्षर मोठं केल्यावर ओळी आपोआप जुळतात तेच घ्या.

त्याहून मला आवडेल ते हे, की आठवड्यातून दोनदा तुमच्यापैकी एकानं दुसऱ्याला वाचून दाखवावं. आई शेंगा सोलेल, बाबा वाचतील, किंवा उलट. मोठ्यानं वाचताना वेग कमी होतो, वीस मिनिटांत सात-आठ पानं. जवळ कोमट पाणी ठेवा, वीस मिनिटांच्या पुढे घसा बसतो. संवादात आवाज बदलायची गरज नाही, फक्त बोलणारा बदलला की क्षणभर थांबा. एरवी दोघं एकच पुस्तक वाचत असाल तर दोन रंगांची दोन कार्डं ठेवा. बाबा पुढे असतात, त्यांनी पुढचं सांगायचं नाही.

पार्सलमध्ये टेबललॅम्प, 'बनगरवाडी' आणि पंचवीस कोरी कार्डं आहेत. दिव्याची वायर दीड मीटरची आहे, ती खिडकीजवळच्या प्लगपर्यंत पोचते का ते आधी बघा. वायर चालायच्या वाटेत आडवी येत असेल तर खुर्चीच फिरवा आणि दिवा भिंतीकडून घ्या. रविवारी फोन करते तेव्हा कार्डाच्या मागच्या बाजूच्या ओळी मला वाचून दाखवा.

तुमची,
धाकटी