संवाद म्हणजे केवळ इंग्रजी नव्हे

नोकरीत पुढे जाण्यासाठी संवादकौशल्य किती आवश्यक आहे, हे सांगणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. मुद्दा पटला, मात्र संवाद आणि अस्खलित इंग्रजी एकच मानले आहे, ते खटकले. भोसरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे पर्यवेक्षक होतो. पाळी बदलताना नोंदवहीत कोणी ‘मशिन बंद’ एवढेच लिही. कोणी मात्र ते किती वाजता बंद पडले, कोणता भाग तपासला, काय बदलून पाहिले, हेही लिही. अशा नोंदीमुळे रात्रपाळीची शोधाशोध वाचे. ही मुले, बहुतेक आयटीआय झालेली, आधी स्वतः खटपट करत आणि अडले की वेळेत सांगत. जबाबदारीची कामे त्यांच्याकडेच जात. नोंदी मराठीत असत, हे मुद्दाम सांगतो. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२१ पासून संगणक अभियांत्रिकीसुद्धा मराठीतून शिकवली जाऊ लागली आहे. परदेशी ग्राहकाशी बोलायला इंग्रजी हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण महाविद्यालयांनी मुलाखतीच्या तयारीत उच्चारांइतकाच वेळ केलेले काम नेमकेपणाने लिहिण्याच्या सरावालाही द्यावा.

– एक निवृत्त पर्यवेक्षक, चिंचवड, पुणे