कॅनडाच्या निसर्गचित्रांनाही जागा द्या

महोदय,

परदेशी निसर्गचित्रांचा विषय निघाला, की आपल्याकडच्या पुरवण्या मोने आणि व्हॅन गॉगपाशीच थांबतात. कॅनडाच्या चित्रकारांवरही एखादे पान द्यावे, अशी कळकळीची विनंती.

१९२० मध्ये टोरांटोत ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ या सात कॅनेडियन निसर्गचित्रकारांच्या गटाचे पहिले प्रदर्शन भरले. त्यांना ज्याच्यापासून स्फूर्ती मिळाली, तो टॉम थॉमसन तेव्हा हयात नव्हता. १९१७ मध्ये अल्गॉन्क्विन उद्यानातल्या तळ्यात, अवघ्या ३९व्या वर्षी, त्याचा अंत झाला होता. रानात बसून तो लाकडाच्या लहानशा फळ्यांवर तैलरंगात झटपट चित्रे काढी आणि त्यातल्या काहींवरून हिवाळ्यात शहरात मोठा कॅनव्हास रंगवी. त्याचे ‘द जॅक पाइन’ जरूर बारकाईने पाहावे. आकाश आणि पाणी रुंद, आडव्या फटकाऱ्यांचे. पुढ्यातल्या वाकड्यातिकड्या पाइनच्या फांद्यांमधून मात्र खालचा शेंदरी थर डोकावतो. थंडगार सांजवेळेत ती धग अंगावर येते!

पश्चिम किनाऱ्यावरची घनदाट अरण्ये रंगवणारी एमिली कार या गटाची सदस्य नव्हती, पण माझ्या मते तिची ताकद कुणाहून कमी नाही.

एक गोष्ट मात्र त्या लेखात यायलाच हवी. ग्रुपच्या बहुतेक चित्रांत माणूस दिसत नाही. ती भूमी निर्मनुष्य नव्हती. अनिशिनाबे आणि इतर मूळ रहिवासी तिथे पिढ्यानपिढ्या राहत होते, आजही राहतात. त्यांच्यातले आजचे चित्रकार याबद्दल काय म्हणतात, तेही छापावे.

– एक कलाप्रेमी वाचक, पुणे